उतरत्या पाण्यातली घुंगुरकाठी

यंदा पुन्हा पाणी उतरलंय. भिगवणहून इंदापूरकडे जाणारी एसटी पळसदेवजवळ आली की खिडकीकडची माणसं एकमेकांना कोपरानं ढोसतात, "ते बघा, देऊळ!" मोबाइल बाहेर निघतात. उजनीच्या पाण्यात बुडून राहिलेलं शिखर आधी बोटभर दिसतं, मग हातभर, आणि वैशाखाच्या तोंडाशी अख्खं देऊळ चिखलात पाय रोवून उभं राहतं. लोक हात जोडतात. मी जोडत नाही. माझी नजर देवळावरून सरकते आणि उगवतीला, ओढ्याच्या पलीकडे जाऊन थांबते. तिथे दगडांच्या चार-दोन ओळी असतात. त्यांचा फोटो कुणी काढत नाही. तो आमचा जुना महारवाडा. धरणानं देव बुडवला, पाटील बुडवला, आम्हालाही बुडवलं; पण बुडवतानासुद्धा ज्याला त्याला ज्याच्या त्याच्या जागेवर ठेवूनच बुडवलं. पाणी उतरलं की गावातलं गावात आणि गावाबाहेरचं गावाबाहेर, जसंच्या तसं वर येतं.

पावसाच्या येण्यावर लिहिणारे पुष्कळ आहेत. पाण्याच्या जाण्यावर कुणी लिहीत नाही, कारण त्याला वास येतो. कुजलेल्या शेवाळाचा, मेलेल्या शिंपल्यांचा, उन्हात तडकणाऱ्या गाळाचा वास. सकाळी तो जरा थंड असतो आणि दुपारी नाकात घर करून बसतो. गाळात कलिंगडाचे वेल लावतात, त्यांची फळं मात्र साखरेसारखी. लांब उथळ पाण्यात रोहित पक्षी एका पायावर उभे असतात आणि बघायला आलेली माणसं म्हणतात, किती शांत आहे इथं. शांत असणारच. बोलणारं गाव खाली आहे.

ज्या हंगामाबद्दल मला बोलायचं आहे, तो नव्वदच्या दशकाच्या मधला एक कोरडा हंगाम. मी बारामतीला नर्सिंग शिकत होते. परीक्षा नुकतीच संपली होती. हाताला टिंक्चरचा वास, डोक्यात हाडांची नावं, आणि अंगात आपण आता जगाला बरं करणार असा एक हास्यास्पद ताठा. घरी आले तर अण्णांच्या, म्हणजे माझ्या वडलांच्या, अंगात माझ्यापेक्षा जास्त उत्साह. अण्णा फौजेतून निवृत्त झालेले. बंदूक धरली नाही त्यांनी, जखमींना उचलायचं आणि वाटेत जगवायचं हे त्यांचं काम. गावात सगळे त्यांना हवालदार म्हणत. समोर म्हणत त्यात आदर असे, मागे म्हणत त्यात थोडं हसू असे. अण्णांना दोन्ही ऐकू येई आणि ते फक्त आदर उचलत. माझा स्वभाव तसा नाही. मी आधी हसू उचलते.

त्या काळी आमच्याकडे शिवजयंतीला, वैशाखात, उघड्या पडलेल्या गाळाच्या मैदानावर शिवकालीन लढाईचा खेळ व्हायचा. बावडा, पळसदेव, कऱ्हाटी, कुठून कुठून माणसं यायची. एक संघ होता. उसाचे बागायतदार, कारखान्याचे सभासद, ट्रॅक्टरवाले, सगळे त्या दिवशी मावळे. अंगरखे शिवलेले, मुंडासी बांधलेली, मनगटावर घड्याळ विसरून राहिलेलं. लाकडी भाले, पत्र्याच्या तलवारी, पण मार मात्र खरा. शेतातल्या बांधाचं भांडण असेल तर ते त्या दिवशी ढालीवर निघायचं. आदल्या वर्षी कऱ्हाटीच्या एका गड्याचा डोळा गेला. भाल्याचं टोक लागलं, लोकांनी त्यात हळद भरली, वर फडकं बांधलं आणि खेळ पुढे चालू ठेवला. अण्णा गर्दीत होते. दोरीवरून आत जायला निघाले तर स्वयंसेवकांनी छातीला हात लावून मागे सारलं. "हवालदार, हितं नगं मधी मधी. खेळ चाललाय." अण्णा सांगत होते की खेळ नाही, डोळा चाललाय. पण कुणाच्या अंगावर कसली खूण नाही, कोण आत जाऊ शकतो हे कुणाला ठाऊक नाही. डोळा गेला. अण्णांच्या मनात ते सलत राहिलं ते राहिलंच.

म्हणून त्या वर्षी प्रथमोपचाराचं पथक करायचं ठरलं, तेव्हा अण्णा सगळ्यात आधी उठून उभे राहिले. बावड्याचे दोन तयार गडी त्यांनी जमवले, मी होते. संध्याकाळी आमच्या अंगणात चौघं पट्ट्या बांधायचा सराव करायचो. आणखीही एक गोष्ट होती, ती अण्णा आईलाच सांगत आणि मला भिंतीआडून ऐकू येई. "गडावर आपली बी माणसं मेल्यात गं. ह्या खेळात आपलं कोण कधी दिसलंच न्हाय." त्यांना त्या मैदानात असायचं होतं, एवढंच. पन्नाशी उलटलेला, लढाया पाहिलेला माणूस, पण हे सांगताना त्याचा आवाज शाळेत नाव घालायला आलेल्या पोरासारखा व्हायचा.

खूण कोणती, यावर बैठक बसली. संघाची पत्र्याची शेड होती, बाहेर चिंच, चिंचेखाली सतरंजी. अध्यक्ष तात्या, उसाचे मोठे बागायतदार. बोलणं मऊ, निर्णय आधीच घेतलेला. त्यांच्या शेजारी बापूराव, दरवर्षी सरदाराचं सोंग घेणारे; पस्तिशीचे, देखणे, ट्रॅक्टरवरही घोड्यावर बसल्यासारखे बसणारे. आणि इंदापूरचे निवृत्त इतिहासाचे गुरुजी, ज्यांच्या शब्दाबाहेर संघ जात नसे. अण्णांबरोबर मीही गेले होते, चिंचेच्या मुळावर बसून ऐकत होते.

आधी कुणीतरी लाल फुली सुचवली. अण्णाच नको म्हणाले. "ती खऱ्या लढाईची खूण हाय, दवाखान्याची हाय. खेळात मिरवायची न्हाय." त्यावर दुसऱ्यानं वेगळंच काढलं. "आन् लाल फुली कशी चालंल? धरणाच्या टायमाला तोडायच्या झाडावर लाल फुल्याच मारल्या व्हत्या. जखमी गडी ती बघूनच मरंल." हसले सगळे. मग अण्णांनी आपली कल्पना मांडली. घरून ठरवून आले होते: पांढरं मुंडासं आणि त्यात कडुनिंबाचा डहाळा. औषधी झाड, त्या काळीही होतं, लांबून दिसतं. मला अजून वाटतं, इतकी सोपी आणि सुंदर खूण दुसरी नव्हती. पण निंबाचा पाला आमच्याकडे मयताहून आल्यावर चावतात, म्हणून तो गेला. पांढरं मुंडासं सुतकी दिसतं, म्हणून तेही गेलं. हळदीचा पिवळा पट्टा निघाला, तर "नवरदेव पळत आल्यावानी दिसंल," म्हणून त्याचीही बोळवण झाली. कुणी तरी निळा म्हणायला तोंड उघडलं असेल नसेल, तेवढ्यात तात्या म्हणाले, "निळं नगं हां. वाद नगं." अण्णांनी निळा सुचवलाच नव्हता. तरीही सगळ्यांनी अण्णांकडे बघितलं.

मग गुरुजींनी घसा साफ केला. "खूण कशासाठी असते?" त्यांनी वर्गाला विचारावं तसं विचारलं. "पाहताक्षणी, ऐकताक्षणी लोकांनी वाट द्यावी म्हणून. बरोबर? अशी खूण त्या काळी होती. नवी शोधायची गरज नाही. रणातून जखमी, मेलेले कोण उचलत असे? गावकामगार. खांद्यावर घोंगडी आणि हातात घुंगुरकाठी. घुंगरं वाजली की माणसं बाजूला होत. अस्सल शिवकालीन."

ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगते. घुंगुरकाठी म्हणजे टोकाला घुंगरं बांधलेली काठी. गावाची चाकरी करणारा महार ती आपटत चालायचा. घुंगरं वाजली की माणसं बाजूला होत हे गुरुजींनी खरं सांगितलं. का होत ते सांगितलं नाही. विटाळ होऊ नये म्हणून होत. सावली पडू नये म्हणून होत. माझ्या आजोबांनी छप्पन सालानंतर, आमची माणसं बौद्ध झाली तेव्हा, ती काठी भीमेच्या धारेत फेकली होती आणि मेलेली ढोरं ओढायची बंद केली होती. त्यापायी गावानं त्यांचं पीठ-मीठ तोडलं, विहीर तोडली. ती काठी आमच्या घरातली सगळ्यात महाग वस्तू, नसलेली.

बापूराव हसले, दिलखुलास हसायचे ते. "झ्याक! आन् माणसं बी घरचीच हायती की. हवालदार हायतच."

त्यात वाईट हेतू होता का? हा प्रश्न मला आजही शिकलेली माणसं विचारतात, फार समंजस चेहरा करून. मला वाटतं, नव्हता. हेतू वाईट असला तर माणूस जरा तरी खाली बघतो. हे सगळे सरळ अण्णांच्या तोंडाकडे बघत होते, काय छान जमलं म्हणून. अस्सलपणाचं वेड असतं माणसांना. ढालीवरचं चामडं रेक्झिनचं चालतं, मनगटावरचं घड्याळ चालतं, लग्नाच्या वरातीचा घोडा सरदाराला चालतो. अस्सल फक्त आमच्या अंगावरचंच लागतं.

पथकातले बावड्याचे दोन गडी मात्र चुळबुळ करायला लागले. एक म्हणाला, "त्या दिशी माझी कारखान्यावर पाळी हाय, आत्ताच ध्यानात आलं." दुसरा जरा सरळ होता. "घोंगडी-काठी आमी न्हाय घ्यायचो, तात्या. आमच्यात ते शोभत न्हाय. घरात घेणार न्हाईत." तात्या लगेच म्हणाले, "व्हय व्हय, तुमाला कसं सांगणार." इतक्या पटकन समजलं त्यांना. पोरीला खूण कशाला, ती बायकांत बसेल, असं माझंही ठरलं. पथकात उरले एकटे अण्णा.

ते म्हणाले, "सांगतो उद्या."

त्या संध्याकाळी आई चुलीसमोरून हलली नाही आणि चूलही पेटवली नाही. शेवटी म्हणाली, "सासऱ्यानं काठी नदीला दिली तवा तुमी पाळण्यात न्हवता. बघत व्हता."

"बघत व्हतो."

"मग?"

"गेल्या साली बी बघतच व्हतो की." अण्णा उंबऱ्यावर बसले होते, पाठ आमच्याकडे. "त्या गड्याचा डोळा गेला आन् मी दोरीच्या भाईर. खूण न्हवती म्हून. औंदा बापूराव देवघरातली खरी तलवार घिऊन उतरणार हाय. मुडदा पडंल एखादा. आत कुणी नगं?"

"काठी घिऊनच आत सोडत्यात व्हय?"

"कशी का हुईना, आत तर जातोय."

मी ओरडले त्यांच्यावर. मी म्हटलं, पडू दे मुडदा. ज्याचा पडेल त्याचा पडेल. नर्सिंगची परीक्षा देऊन आलेल्या मुलीनं बोलायचं ते हे बोलणं नव्हे, पण मी बोलले आणि आज मला त्याची लाज वाटत नाही. अण्णा वळले, माझ्याकडे बघितलं आणि शांतपणे म्हणाले, "तुला नोकरीत असं म्हणता येणार न्हाय, सुजे." एवढंच.

खेळाच्या दिवशी गाळाचं मैदान इतकं तापलं होतं की चपलेतून चटका बसत होता. देवळासमोर भगवे झेंडे, कलिंगडाच्या फाकी, गुलाल. खोट्या रक्तासाठी बादल्यांत कुंकवाचं पाणी कालवून ठेवलेलं. अण्णा मैदानाच्या कडेला उभे. धुतलेली पांढरी बंडी, त्यावर काळी घोंगडी, हातात नवी कोरी घुंगुरकाठी. संघानं बारामतीहून पितळी घुंगरं आणून बांधली होती. पाठीला त्यांची फौजेतली औषधांची पिशवी. ते ताठ उभे होते. फौजेत शिकवलेलं ताठ उभं राहणं घोंगडीखाली फारच केविलवाणं दिसतं, हे मी त्या दिवशी पाहिलं. ओळखीची माणसं येऊन "शोभताय हां, हवालदार," म्हणत. आई आली नव्हती.

बापूरावांचा घोडा बारामतीच्या एका बँडवाल्याचा. वरातीचा घोडा, नवरदेवांना नाचवून पोट भरणारा. हे सगळ्यांना माहीत होतं, पण घोडा पांढरा होता ना, मग झालं. सरदार मैदानात आले, उजव्या हातात देवघरातली धार लावलेली तलवार, आणि हलग्या कडाडल्या. घोड्याला वाटलं वरात निघाली. तो नाचायला लागला. पुढचे पाय उचलून, मान वळवून, लग्नात नाचतो तसा झकास नाचायला लागला. लोकांनी शिट्ट्या मारल्या. बापूराव लगाम ओढतात, हलगीवाल्यांना आणखी चेव येतो, आणि एका उडीला सरदार खाली आले. स्वतःच्याच तलवारीवर. मांडीत गेली ती.

"वा!" लोक ओरडले. टाळ्यांचा कडकडाट झाला. खोटं रक्त मैदानभर सांडलेलंच होतं, त्यात हेही. आसपासचे मावळे त्यांच्याभोवती नाचायला लागले. बापूराव ओरडत होते आणि त्या ओरडण्यालाही टाळी मिळत होती. दोरी तोडून गर्दी मैदानात घुसली, जवळून बघायला.

अण्णांना लांबूनच कळलं. ते रक्त उसळ्या मारत येत होतं. कुंकवाचं पाणी तसं येत नाही. ते धावले. पुढे माणसांची भिंत. अण्णा ओरडले, "वाट द्या! गडी मरतोय!" कुणी हललं नाही. मग त्यांनी काठी आपटली.

घुंगरं वाजली, आणि गर्दी दुभंगली.

एवढ्या वर्षांनी लिहिताना माझ्या अंगावर अजून काटा येतो. कुणी ठरवून हललं नाही. पाठमोरी माणसं, ज्यांनी अण्णांना पाहिलंही नव्हतं, आवाज कानावर पडताच दोन पावलं सरकली. धोतरं सावरली गेली. माझ्या शेजारी एक म्हातारी बसली होती, तिनं मैदानाकडे बघता बघता नकळत पदर आवरून मांडीखाली घेतला. तरुण पोरांनी तर घुंगुरकाठी जन्मात ऐकली नसेल, तरी मोठे सरकले म्हणून तेही सरकले. मधोमध स्वच्छ वाट पडली आणि माझा बाप त्या वाटेनं धावत गेला. गुरुजींचं बरोबर निघालं. खूण लागू पडली.

मीही त्याच वाटेनं धावले. अण्णांनी जांघेत मुठीनं दाब दिला होता, मी पट्टी आवळली, त्यांनी घोंगडी पसरली. "धरा कोपरं, जीपपातूर न्यायचाय," असं ते भोवतालच्यांना म्हणाले. माणसं घोंगडीकडे बघत राहिली. सरदार रक्तात पडलेला आणि माणसं घोंगडीकडे बघत होती. शेवटी दोन कोपरे बापलेकीनं, अण्णांनी जांघेतला दाब न सोडता एका हातानं, आणि दोन त्या हलगीवाल्यांनी धरले; तेही आमच्यासारखेच, गावकुसाबाहेरचे. जीपमध्ये इंदापूरपर्यंत बापूरावांनी अण्णांचा हात सोडला नाही. "हवालदार, सोडू नगा, सोडू नगा," एवढंच म्हणत होते. अण्णांनी मूठ हलवली नाही. जीव वाचला, पायही वाचला, थोडा लंगडेपणा राहिला.

गरज सरो, वैद्य मरो म्हणतात. आमच्याकडे वैद्याला मारत नाहीत, त्याचा सत्कार करतात.

सत्कार ठेवला वैशाखी पौर्णिमेला. सुट्टी असते, माणसं जमतात, म्हणून. ती बुद्धपौर्णिमा असते हे संघात कुणाच्या लक्षात नव्हतं. अण्णा वस्तीवरच्या विहारातली वंदना आटोपून, पांढऱ्या स्वच्छ कपड्यांत तिकडे आले. या वेळी आईही आली. त्याच गाळाच्या मैदानावर मांडव, दिवस कलायला आलेला. घोडेवाल्याला शाल. गुरुजींना शाल. हलगीवाल्यांना टॉवेल-टोपी. मग तात्यांनी अण्णांचं नाव पुकारलं, त्यांच्या शौर्याबद्दल खूप बोलले, डोळ्यांत पाणी आलं त्यांच्या, खरं पाणी. आणि म्हणाले, "सगळ्यास्नी शाल दिली. पर हवालदारांचा मान येगळा." त्यांनी अण्णांच्या खांद्यावर नवी घोंगडी टाकली आणि हातात ती घुंगुरकाठी दिली. "ही आता कायमची तुमची. दरसाली हीच खूण ऱ्हाईल." टाळ्या वाजल्या. खूप वाजल्या.

अण्णांनी घोंगडी खांद्यावरून काढली. फौजेत ब्लँकेटची घडी घालतात तशी, चारही कोपरे जुळवून तिची घडी घातली आणि खुर्चीवर ठेवली. काठी घेऊन मांडवातून उतरले आणि पाण्याच्या दिशेनं चालायला लागले.

लोकांना आधी वाटलं, लघवीला चालले. मग कळेना. अण्णा चालत राहिले. आजोबांच्या वेळी भीमा दारात होती. हात उगारला की धार. त्या वर्षी पाणी इतकं मागे हटलं होतं की अण्णांना ते सापडेचना. आधी तडकलेला गाळ, मग ओला गाळ, मग पोटऱ्यांपर्यंत चिखल. चपला रुतल्या, त्या सोडल्या. पांढरी विजार काळी झाली. प्रत्येक पावलाला काठीची घुंगरं वाजत होती आणि मांडवातली माणसं आता हसायला लागली होती. आई माझा दंड धरून उभी होती. तिची नखं मला लागत होती. शेवटी गुडघाभर पाणी मिळालं. तिथे उभं राहून अण्णांनी सगळा जोर एकवटून काठी लांब फेकली.

काठी बुडाली नाही.

लाकूड कशाला बुडेल? तरंगत राहिली. आजोबांची काठी वाहत्या पाण्यानं नेली होती, दूर, जिथे कुणी तिला ओळखणार नाही अशा ठिकाणी. हे धरणाचं पाणी. साठवलेलं. ते कुणाचं काही नेत नाही, सगळं आपल्यापाशी ठेवतं आणि वेळ आली की परत करतं. अण्णा वळून अर्ध्या वाटेवर आले असतील, तोवर एका मच्छीमार भोयानं होडी वळवली, काठी उचलली आणि चिखल तुडवत त्यांच्या मागं धावत आला. भला माणूस. मांडवातलं काही त्याला ठाऊक नव्हतं. धापा टाकत म्हणाला, "आवं पावणं, काठी पडली व्हती तुमची."

अण्णांनी ती घेतली नाही, पण त्याला रागानं बोललेही नाहीत. "माझी न्हाय," एवढंच म्हणाले. मग भोयानं ती मांडवात नेऊन दिली. तात्यांनी पंच्यानं पुसून ठेवून घेतली.

बापूराव हिंडायला-फिरायला लागल्यावर आमच्या घरी आले होते. दारातच उभे राहिले. "तुमच्यामुळं हाय मी, हवालदार," म्हणाले. आईनं चहा टाकला, तर म्हणाले, "आत्ताच घिऊन आलो." गेले. अण्णा पुन्हा कधी त्या खेळाला गेले नाहीत, आणि पाणी उतरायला लागलं की ओट्यावरची खुर्ची उलटी फिरवून, पाठ धरणाकडे करून बसायचे. पाहुण्यांना वाटायचं, उन्हाची तिरीप लागते म्हणून. जाईपर्यंत तसेच बसले.

आता मी बारामतीत मेट्रन म्हणून निवृत्तीला टेकले आहे. परवा दवाखान्यात माझ्या टेबलासमोर एक माणूस येऊन बसला. चाळिशीकडे झुकलेला, देखणा, कपाळावर गॉगल. बापूरावांचा मुलगा, संग्राम. संघाचा अध्यक्ष आता तो आहे. यंदा पाणी चांगलं उतरलंय, मैदान मोठं निघालंय, तर लढाई दणक्यात करायची आहे. प्रथमोपचार पथकाचं प्रमुखपद मी घ्यावं, असं सगळ्यांचं म्हणणं. त्यानं पिशवीतून एक टी-शर्ट काढून टेबलावर पसरला. छातीवर पथकाचं चिन्ह: घोंगडीची घडी आणि तिच्यावर आडवी घुंगुरकाठी. फार सुबक छापलं होतं.

"तुमच्या वडलांची आठवण म्हून ठेवलंय, ताई. काठी अजून हाय हापिसात, काचंत ठेवलीय. त्यादिशी पथकाच्या म्होरं तीच वाजवत न्यायची."

"कोण नेणार?"

"तुमच्याच वस्तीवरली पोरं सांगितल्यात. त्यांचाच मान हाय त्यो."

मी म्हटलं, पांढरा टी-शर्ट आणि त्यावर निंबाचा डहाळा छाप. तो हसला. त्याच्या बापासारखाच, दिलखुलास. "त्ये कुणाला कळणार, ताई? घुंगरं वाजली की कशी माणसं आपसूक बाजूला व्हत्यात."

"मी येते," मी म्हणाले. "पण काठी बापूरावांनी धरायची. खांद्यावर घोंगडी टाकून, मैदानाला एक फेरी. पाय वाचलाय ना त्यांचा."

त्याचं हसू तसंच राहिलं आणि डोळे हसायचे थांबले. मग तो पटकन बोलून गेला, "छ्या, आबांना कसं शोभंल त्ये?"

बोलल्यावर त्याचं त्यालाच ऐकू आलं असावं. समोरचा चहा त्यानं प्यायला नाही. आत्ताच घेतलाय म्हणाला. उठला, गॉगल डोळ्यांवर ओढला आणि फोनवर बोलत बोलत निघून गेला.

टी-शर्ट टेबलावरच राहिला. कापड नवं होतं, सुती, जाड. अण्णांनी शिकवलं होतं, चांगलं कापड फेकायचं नाही. मी कात्री घेतली, चिन्हाच्या बरोबर मधून घातली, आणि टराटरा फाडत बोटभर रुंदीच्या पट्ट्या काढल्या. गुंडाळून ड्रेसिंगच्या कपाटात ठेवल्या आहेत.